थांबल्यावर ओढणारं कोण उरलंय?

मढवी बाई उत्तराकडे आधी कधीच बघत नसत. आधी बाण शोधत. मुलाने वही पुढे केली की कपाळावरचा चष्मा नाकावर यायचा, बोट पानाच्या वरच्या कोपऱ्याकडे जायचं, आणि तिथे दिशा दाखवणारा छोटासा बाण नसला तर वही मिटून परत.

"बाण नाही. मी वाचत नाही."

खालचं गणित अगदी बरोबर असलं तरी हेच. एकदा एका पालकांनी माझ्या काउंटरवर येऊन विचारलं, की या बाणाला परीक्षेत गुण किती असतात. मी बाईंना विचारून आले. "शून्य," त्या म्हणाल्या. "म्हणून तर कोणी काढत नाही."

मी डोंबिवलीत मानपाडा रस्त्यावरच्या एका क्लासमध्ये ऑफिस सांभाळते. वेळापत्रक, हजेरी, पेपरांचे गठ्ठे, निकाल, सगळ्याच्या याद्या माझ्याकडे. शिक्षक येतात, जातात. बहुतेकांसाठी माझ्या वहीत एक ओळ पुरते: वेळेवर येतात, सुट्टी आयत्या वेळी सांगतात, मार्कर नेतात, परत आणत नाहीत. मढवी बाईंची नोंद एका ओळीत कधी बसली नाही.

त्या बाळकुमच्या. गावठाणातल्या जुन्या बैठ्या घरात राहायच्या, अजून राहतात. आजूबाजूला सगळीकडे टॉवर उभे राहिले, त्यातला एक तर त्यांच्या वडिलांच्या शेतावर. वडील आधी मिठागरात कामाला होते, शेती नंतरची. बाई गावातल्या पहिल्या एम.एस्सी. लग्न केलं नाही. साठीला टेकलेल्या, बुटक्या, सुती साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि हेल्मेट बसावं म्हणून अंबाडा मानेवर खाली घातलेला. माणकोलीचा पूल सुरू झाल्यापासून त्या स्कूटरवरून यायच्या. पर्समध्ये काय काय असतं हे मला एकदा पाहायला मिळालं, कारण पर्स माझ्या टेबलावर उपडी झाली: खडूचे तुकडे, लिंबाच्या गोळ्या, स्टीलची मोजपट्टी, रांगोळीची पुडी, आणि किल्ल्यांचा एक जड जुडगा, ज्यातल्या निम्म्या किल्ल्या पाडून टाकलेल्या घरांच्या होत्या. "वजनाला बऱ्या पडतात," असं त्यांनी सांगितलं. कसलं वजन, ते मला नंतर कळलं.

अकरावीच्या पहिल्या आठवड्यात त्या सूत्र लिहूच द्यायच्या नाहीत. एकसमान त्वरणाची तीन सूत्रं मुलांना शाळेपासून पाठ असतात. बाई वर्गात शिरल्या की पहिल्या बाकावरून कोणीतरी ती म्हणून दाखवायचं, शाबासकीच्या आशेने. बाई ऐकून घ्यायच्या आणि फळ्यावर एक आडवी रेघ ओढायच्या. शून्य कुठे ठेवलंस? कुठली बाजू अधिक धरलीस? मग रेघेखाली पाच चौकोन. त्यांना त्या पाच घरं म्हणायच्या: सुरुवातीचा वेग, शेवटचा वेग, त्वरण, अंतर, वेळ. गणित नीट वाचायचं आणि जे दिलंय ते ज्याच्या त्याच्या घरात ठेवायचं. तीन घरं भरली की उरलेली दोन काढता येतात. दोनच भरली तर गणित परत वाचायचं, कारण तिसरं कुठेतरी लपलेलं असतं. 'गाडी थांबते' या दोन शब्दांत एक आख्खं घर भरलेलं असतं, हे मुलांना सांगताना त्यांना दरवर्षी तेवढाच आनंद व्हायचा. मी याद्यांवर जगणारी बाई. त्यांचा वर्ग माझ्या खोलीच्या भिंतीपलीकडे होता, आणि ही पाच घरं मला फार पटायची. पण एवढं सगळं भरून झाल्यावरही बाई सूत्र लिहू द्यायच्या नाहीत. एक प्रश्न उरायचा. त्वरण शेवटपर्यंत तेच आहे ना? विचारलंस का?

किल्ल्यांचा जुडगा इथे कामाला यायचा. तो त्या सरळ वर फेकायच्या, पंख्याच्या पात्याला लागणार नाही इतपत, आणि झेलून विचारायच्या: अगदी वर, टोकाला होता तेव्हा वेग किती? शून्य, सगळा वर्ग म्हणायचा. आणि त्वरण? पुन्हा शून्य, त्याच जोरात.

"मग किल्ल्या वरच राहिल्या असत्या, आणि मी बाळकुमला चालत गेले असते."

हशा झाला की त्या मिठागरातली गोष्ट सांगायच्या. त्यांचे वडील बांधावरून मिठाच्या गोण्यांची हातगाडी ढकलत न्यायचे. चढावर दम लागून थांबले की लहानगी बाई धावत जाऊन चाकाखाली दगड सरकवायची. तेच तिचं काम. एकदा ती खेळात रमली, आणि गाडी मागे आली ती थेट गाळात. वडील ओरडले नाहीत. गोण्या उचलता उचलता एवढंच म्हणाले, की गाडी थांबली म्हणून चढ थांबत नाही. "माझा भौतिकशास्त्राचा पहिला तास तो," बाई सांगायच्या. त्यातूनच त्यांचा तो ठरलेला प्रश्न आला होता. गणितात कुठेही काहीही थांबलं की त्या खडू खाली ठेवायच्या आणि विचारायच्या, "थांबल्यावर ओढणारं कोण उरलंय?" किल्ल्यांना पृथ्वी उरते, म्हणून त्या खाली येतात. हातगाडीला चढ उरतो, म्हणून ती मागे येते. आणि सपाट रस्त्यावर ब्रेक लावून थांबलेल्या गाडीला? कोणीच उरत नाही. ती तिथेच राहते.

हे सगळं करायला त्यांना आठ तास लागायचे. आमचे संचालक कारखानीस सर या प्रकरणाला तीन तास द्यायचे. सर वाईट माणूस नाहीत, हे आधीच लिहून ठेवते. ते स्वतः भौतिकशास्त्र शिकवायचे, चांगलं शिकवायचे. दोन शाखा झाल्यावर शिकवणं मागे पडलं आणि फलक, पालकसभा, जाहिराती पुढे आल्या. पेपर मात्र अजून स्वतः काढायचे, त्याचा त्यांना अभिमान होता. त्यांनी बाईंना समजावलं, की परीक्षेत एका प्रश्नाला मिनिटभर मिळतं, मुलांना ट्रिक द्या. बाईंनी शांतपणे विचारलं, की ट्रिक चुकली हे मुलाला कशावरून कळेल? सरांनी वेळापत्रकात तीनच तास ठेवले. उरलेले पाच बाईंनी रविवारी सकाळी घेतले, स्वतःहून, येईल त्याच्यासाठी. मी खोली उघडून द्यायचे. बारा मुलं यायची. त्यांचा सख्खा भाचा सोहम आमच्याकडेच होता. तो यायचा नाही. रविवारी त्याचं क्रिकेट असायचं.

आता तो पेपर.

अकरावीच्या शेवटी आमच्याकडे एक चाळणी परीक्षा होते. पहिल्या वीस मुलांची बारावीची विशेष तुकडी होते आणि त्यांना फी माफ असते. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक वजा. निकाल लागला, मी यादी केली, वीस चेहऱ्यांचा फलक छापायला गेला. अठराव्या क्रमांकावर सोहम मढवी. एकविसाव्या क्रमांकावर मोहने गावची ऋतुजा.

ऋतुजाची आई पोळी-भाजी केंद्रात कामाला, वडील नाहीत. विशेष तुकडी मिळाली नाही तर बारावीला क्लास नाही, हे मला माहीत होतं, कारण तसं तिच्या आईनेच आधी येऊन सांगितलं होतं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी पोरगी काउंटरवर आली, कच्च्या कामाचा कागद हातात. प्रश्न सतरावा, म्हणाली, मी परत चेक केलेलं. मी तिला सांगितलं, की आन्सर-की फायनल असते. माझ्या बाजूने मी नियमाला धरून होते. ती वाद न घालता डोळे पुसत वळली. बाई तेव्हा कूलरपाशी बाटली भरत होत्या.

"कागद बघू."

प्रश्न असा होता. सपाट रस्त्यावर सेकंदाला वीस मीटर वेगाने जाणाऱ्या गाडीला ब्रेक लावले, वेग दर सेकंदाला पाच मीटरने कमी होतो, तर ब्रेक लावल्यापासून पहिल्या सहा सेकंदांत गाडी किती अंतर जाईल? आमच्या कीमध्ये उत्तर होतं तीस मीटर. ऋतुजाने चाळीस लिहिलं होतं. कागदाच्या कोपऱ्यात बाण होता.

"बरोबर आहे की. मग रडतेस कशाला?"

"मॅडम, सगळे बोलले तीसच आहे. सूत्रात टाकलं की तीसच येतं. मी पण टाकून बघितलं."

"मग चाळीस का लिहिलंस?"

"गाडी चार सेकंदांतच थांबते ना. पुढचे दोन सेकंद तिला ओढणारं कोणी उरत नाही."

बाईंनी बाटलीचं झाकण लावलं. चेहरा तसाच, पण भाषा बदलली. त्या नेहमी पुस्तकी, स्वच्छ बोलायच्या. चिडल्या की गावची आगरी यायची. "गारी थांबली का थांबली," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "ती मांगं कनाला येल?"

गाडी मागे कशाला येईल, हा प्रश्न मला समजायला कागद-पेन्सिल लागली. गाडी चार सेकंदांत चाळीस मीटर जाऊन थांबते. सूत्राला हे माहीत नसतं. त्यात सहा घातले की ते उरलेले दोन सेकंद गाडीला मागे आणतं, दहा मीटर, आणि चाळीसाचे तीस होतात. म्हणजे सरांच्या पेपरातली गाडी ब्रेक दाबल्यावर आधी थांबली होती आणि मग उलटी चालत आली होती.

सरांकडे बाई त्याच दुपारी गेल्या. मी फाइल घेऊन सोबत होते. सरांनी पेपर पाहिला, सूत्र लिहिलं, आकडे भरले, आणि तीसखाली दोन रेघा मारल्या. बाईंनी सांगितलेलं त्यांनी ऐकलं नाही असं नाही, पण ऐकायची इच्छा नव्हती. हा आदर्श प्रश्न आहे, मॅडम, त्यात त्वरण एकसमान असं गृहीतच धरलेलं असतं. वीस वर्षं शिकवलंय मी हे. शिवाय फलक छापून झालाय, उद्या लागतोय.

बाई म्हणाल्या, "सर, पाच मिनिटं खाली येता?"

खाली इमारतीच्या मागे गाड्या लावायची जागा आहे, लांबट, सपाट, सिमेंटची. मी पोहोचले तेव्हा तिथे रांगोळीच्या रेघा मारलेल्या दिसल्या. एक जाड रेघ, आणि तिच्यापुढे मीटरमीटरवर बारीक रेघा, वाकड्या एकही नाही. म्हणजे बाई वर येण्याआधीच तयारी झाली होती. जाड रेघेच्या बऱ्याच मागे, फाटकाला टेकून, वडापावची गाडी उभी होती.

"बसा मागे."

सर माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांना हेल्मेट दिलं. दुसरं काय करणार? शर्टाच्या खिशातली दोन पेनं माझ्या हातात देऊन सर स्कूटरवर बसले, दोन्ही हातांनी मागची दांडी धरून. बाई मागे फाटकापर्यंत गेल्या आणि वर बघून एकदाच मोठ्याने बोलल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्यांत बारावीची अख्खी बॅच लोंबत होती.

"मागचा लाल दिवा पेटला की मोजायला लागा. सहापर्यंत."

स्कूटर आली, ताशी अठराच्या वेगाने. म्हणजे सेकंदाला पाच मीटर, हेही त्यांनी आधी सांगून ठेवलं होतं. जाड रेघेवर ब्रेक लागला, लाल दिवा पेटला. वरून पोरं मोजायला लागली, एक, दोन. दोनला स्कूटर थांबली, पाचव्या रेघेच्या जरा अलीकडे. तीन. चार. काहीच होत नव्हतं. दोन माणसं एका थांबलेल्या स्कूटरवर सरळ समोर बघत बसली होती, आणि तीस-चाळीस पोरं जिवाच्या आकांताने मोजत होती. पाच. सहा.

"सर, आपण मागे गेलो?"

सरांनी मान वळवून मागच्या जाड रेघेकडे पाहिलं.

"तुमच्या सूत्राने आत्ता आपण जाड रेघेच्याही पंधरा मीटर मागे असायला हवं होतं. तो वडापाववाला तिथेच उभा आहे. त्याला विचारू या का, आपण त्याच्या कढईत आहोत का?"

वर जे हसू फुटलं ते आवरायला मला नंतर जिना चढून जावं लागलं. स्कूटरवरून उतरताना सरांनी हेल्मेट काढलं आणि ते रेघांकडे बघत राहिले. मग एकदम विचारलं, थांबायला नेमकी पाचवी रेघ कशी साधली? बाईंनी खरं ते सांगितलं. वर येण्याआधी तीनदा करून पाहिलं होतं, दोनदा चुकलं होतं. त्या क्षणी ते दोघं कुठल्यातरी प्रयोगशाळेतले सहकारी वाटले मला. तो क्षण टिकला नाही.

वर केबिनमध्ये गेल्यावर सरांनी मान्य केलं, की चाळीस बरोबर. आणि लगेच एक तोडगा काढला. तो मला त्या वेळी फार चांगला वाटला, हे कबूल करते. वीसच्या जागी एकवीस जागा करायच्या. ऋतुजाला पूर्ण फी माफ. आन्सर-की तशीच, यादी तशीच, फलक तसाच. मुलीचं काम झालं, कोणाचं काही गेलं नाही. मी तर मनात तिचा प्रवेश अर्ज भरायलाही घेतला होता.

"नको," बाई म्हणाल्या.

"मॅडम, मुलीला जागा मिळतेय."

"जागा मिळतेय, पण उत्तर चुकीचंच राहतंय. उद्या ती सगळ्यांना काय सांगणार? चूक लिहिलं होतं, सरांनी दया केली? तिला सवलत नकोय, सर. तिला चार गुण हवेत. तिचे आहेत ते."

सरांनी मग आवाज खाली आणला. आन्सर-की बदलली तर तीस लिहिणाऱ्या सगळ्यांचे पाच-पाच गुण जातील, चाळीसवाल्यांचे पाच वाढतील. यादी हलेल. तीन आत येतील, तीन बाहेर जातील. "आणि त्या तिघांत सोहम आहे. तुमच्या भावाचा."

हे त्यांना कुठून कळलं? माझ्याकडून. मी जेवणाच्या सुट्टीत नवीन यादी काढून पाहिली होती आणि सरांच्या टेबलावर ठेवली होती. सरांच्या आधी मी ती बाईंनाही दाखवली होती, जिन्यात गाठून. त्यांनी सावध व्हावं असं मला वाटत होतं. यादी पाहून त्यांनी मला एकच गोष्ट विचारली: सोहमचा कच्चा कागद आहे का? माझ्याकडे सगळे असतात, आसनक्रमांकाने लावलेले. मी काढून दिला. त्यावर आकडे होते, सूत्र होतं, खाली तीस होते.

"बाण नाही," असं म्हणून त्यांनी तो कागद मला परत दिला होता.

आता केबिनमध्ये त्या सरांना म्हणाल्या, "मला ठाऊक आहे. यादी मी तुमच्या आधी पाहिलीय."

बाईंनी धमकी दिली नाही, राजीनामा टाकला नाही. एवढंच सांगितलं, की जूनमध्ये नवीन बॅचला हे गणित त्या फळ्यावर घालणार आणि उत्तर चाळीस सांगणार. क्लासची आन्सर-की तीस सांगेल. मुलं विचारतील, आपल्या क्लासमध्ये गाडी मागे येते का. "तेव्हा तुम्ही येऊन सांगा काय ते."

"वर्षाताई," सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "नवीन यादी लावा. छापखान्याला फोन करा."

मी यादी लावली. ऋतुजा नववी आली. एकूण अकरा जणांनी चाळीस लिहिलं होतं, त्यातले सात रविवारचे. पण रविवारी येणाऱ्यांपैकी पाच जणांनी तीस लिहिलं होतं, आणि ही नोंदही करायला बाईंनी मला लावली. "सातच लिहिशील तर खोटं होईल. माझे पाच चुकले."

किंमत मात्र बाईंनी मोजली. सोहमच्या नावाने बाळकुमला अभिनंदनाचा फलक आधीच लागला होता. भावाने, जयवंतने, तो हौसेने नाक्यावर लावला होता, निकालाच्या संध्याकाळीच. तो उतरवावा लागला. फीचा प्रश्न त्या घराला नव्हताच. चार विंग्जच्या टॉवरमध्ये त्यांचे तीन फ्लॅट. प्रश्न नाक्यावरच्या फलकाचा होता. जयवंतने क्लासला येऊन माझ्या काउंटरवर हात आपटला. सख्ख्या बहिणीने पोराचं नाव कापलं, परक्या पोरीसाठी, अशी बहीण वैऱ्याला नको. बाई आतून बाहेर आल्या. "मी नाव कापलं नाय, जयू. मी उत्तर तपासलं," त्या म्हणाल्या. तो जिना उतरला. त्यानंतर गणपतीला त्यांना निरोप आला नाही. बाई गेल्या, दर्शन घेतलं, कोणी बस म्हणालं नाही, उभ्याउभ्याच परत आल्या. हे त्यांनी मला सांगितलं ते वेळापत्रक सांगावं तसं.

बाहेर गेलेल्या तिघांच्या पालकांनी सरांना भंडावलं. सरांनी आन्सर-की परत फिरवली नाही, तेवढं त्यांच्या बाजूने लिहायला हवं. पण पुढच्या सत्राचं वेळापत्रक माझ्याकडे आलं तेव्हा त्यात बाईंना आठवड्याला दोनच तास होते. बाकीच्या तासांना पडद्यावर तयार व्हिडिओ. मी ते टाइप केलं. माझं कामच ते. बाईंनी वेळापत्रक वाचलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं, आणि वर्गात जाऊन फळा स्वच्छ पुसून आल्या. निरोप समारंभ नको म्हणाल्या. आता त्या बाळकुमला देवळामागच्या सभागृहात सकाळी वर्ग घेतात. पहिला आठवडा तिथेही सूत्र नाही, असं कळलं.

गेल्या भाऊबीजेला मी खोपटला माझ्या भावाकडे निघाले होते. वाटेत बाळकुमला उतरले, कारण दोन गोष्टी पोचवायच्या होत्या. एक त्यांची मोजपट्टी, जी माझ्या खणात राहून गेली होती. दुसरा ऋतुजाच्या आईने दिलेला करंज्यांचा डबा. डब्याच्या बाजूला स्केचपेनने एक ठळक बाण काढलेला होता आणि खाली लिहिलं होतं: ही बाजू वर. तो पाहून बाई पहिल्यांदा चष्मा पुसायला लागल्या. मग म्हणाल्या, "बघ. हिला सांगावं लागत नाही."

त्या बाहेर जायच्या तयारीतच होत्या. स्कूटरच्या डिकीत ओवाळणीचं ताट, निरांजन, नारळ, सगळं फडक्यात बांधून बसवलेलं. जयवंत येणार नाही म्हणाला होता. म्हणजे तसं म्हणालाही नव्हता, फोनच उचलला नव्हता. म्हणून बाई निघाल्या होत्या. मला राहवलं नाही. मी म्हटलं, बाई, दार उघडलं नाही तर?

"बेल परत वाजवीन."

"आणि तरी नाही उघडलं तर?"

"वर्षा, मी माफी मागायला चाललेले नाही. ओवाळायला चाललेय. ती दोन वेगळी घरं आहेत."

माझा बसथांबा जयवंतच्या त्या टॉवरच्या समोरच होता. तिथे फाटकापर्यंत चांगला चढ आहे. पाणी भरतं म्हणून तो भाग उंच घेतलाय. मी थांब्यावरून पाहिलं. बाई चढ चढून फाटकाशी पोचल्या. आडवा दांडा खाली होता. वॉचमनने हात केला, वहीत नाव लिहून घेतलं आणि केबिनमध्ये जाऊन फोन उचलला. बहुधा वर विचारत होता. बाई चढावर तशाच थांबल्या, दोन्ही पाय टेकवून, पांढरे बूट सिमेंटवर तिरपे रोवलेले. मागून एक मोटार आली, हॉर्न वाजवला. बाजूला व्हा, खाली या, असं काहीतरी ड्रायव्हरने काच खाली करून सांगितलं. बाईंनी मान वळवली नाही.

मी सवयीने मोजलं. सहापर्यंत, मग परत सहापर्यंत. फोन चालूच होता.

माझी बस आली. मी चढले आणि मागच्या काचेकडची जागा धरली. बस वळेपर्यंत मला ते फाटक दिसत होतं. दांडा खालीच होता. स्कूटर होती तिथेच होती, बोटभरही मागे आलेली नव्हती, आणि तिचा मागचा लाल दिवा भर दुपारच्या उन्हात पेटलेलाच होता.